निगुऱ्याचा जप वाया जातो का?

रामकृष्ण हरी, ताई.

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर तुमच्या लक्षात येईल. तुम्ही सेलूच्या बाजूला राहता, घरी शिवणकाम करता. वडील गेल्यापासून, म्हणजे चार वर्षं झाली, रोज पहाटे 'रामकृष्ण हरी'ची एक माळ आणि संध्याकाळी हरिपाठ चालू आहे. शेजारच्या काकू म्हणाल्या, 'गुरू केला नाहीस, तू निगुरी. निगुऱ्याचा जप वाया जातो.' तालुक्याला एक महाराज मुक्कामाला आलेत, येत्या गुरुवारी अनुग्रह, म्हणजे गुरुमंत्र, देणार आहेत, दक्षिणा पाच हजार एक. अनुग्रह घेऊन सोडला तर घराला दोष लागतो, असंही तिथं सांगितलं. तुमच्या मालकांचं म्हणणं, बाईला वेगळा गुरू कशाला, नवरा हाच गुरू. आणि अगदी शेवटी तुम्ही एक ओळ लिहिलीत : 'हल्ली बोटं माळ ओढतात, मन मशीनवरच्या ब्लाऊजात असतं.'

माझ्या मते तुमचं खरं दुखणं या शेवटच्या ओळीत आहे. जप कोरडा पडलाय. आणि जप कोरडा पडला की माणूस हळवा होतो, कुणीही 'तुझं हे चुकतंय' म्हणालं की त्याला ते लगेच खरं वाटतं. काकूंचा शब्द तुम्हाला एवढा लागला तो त्यामुळंच. तरी त्या शब्दानं तुमची झोप गेली आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

मी कोण ते थोडक्यात. गंगाखेडच्या पुढं एका गावात राहतो, पखवाज शिकवतो, साठीला आलोय. पस्तीस वर्षं सप्त्यांतून कीर्तनाला साथ करतोय. गळ्यात माळ आहे. मी कुणाला अनुग्रह देत नाही. जे सांगतो ते मी केलेलं, चुकलेलं आणि माझ्या गुरूंनी सुधारून घेतलेलं आहे.

तर चार वर्षांचा जप वाया गेला का? नाही गेला. नामदेवरायांचंच बघा. ते आपल्या मुलखातले, हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे. परंपरेत सांगतात, सगळे संत तेरला गोरोबाकाकांच्या घरी जमले होते. मुक्ताबाईंनी कुंभाराच्या लाकडी थापटण्याकडं बोट दाखवून विचारलं, 'काका, हे कशाला?' 'मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं.' 'मग आमचीही परीक्षा होऊन जाऊ द्या.' गोरोबांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारत परीक्षा घेतली. बाकीचे गप्प बसले, नामदेवांना मात्र राग आला. गोरोबा म्हणाले, 'हे मडकं कच्चं आहे.' नामदेव रडत पांडुरंगाकडं गेले, तर देवानंच त्यांना विसोबा खेचरांकडं धाडलं. औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात बघतात तर विसोबा पिंडीवर पाय टाकून पडलेले. नामदेव रागावले. विसोबा म्हणाले, 'म्हातारा झालोय बाबा, जिथं देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव.' पाय जिथं ठेवावेत तिथं पिंडी.

ही कथा तुम्ही कीर्तनात पन्नासदा ऐकली असेल. पण तुमच्या प्रश्नासाठी त्यातल्या दोन गोष्टी बघा. विसोबांना भेटण्याआधी नामदेवांनी जे नाम घेतलं ते वाया गेलं असतं, तर त्यांना विसोबांचा पत्ता कुणी दिला असता? ज्या विठ्ठलाचं भजन केलं त्यानंच तो दिला. त्यांची साधनाच त्यांना गुरूपर्यंत घेऊन गेली. आणि गुरू भेटल्यावर नामदेवांनी टाळ खाली ठेवले नाहीत. नाम तेच राहिलं, पंढरी तीच राहिली. गळालं ते एवढंच, की देव पंढरीतच आहे आणि मी त्याचा लाडका आहे. हे त्यांचं त्यांना दिसत नव्हतं, दुसऱ्यानं दाखवावं लागलं.

आपलं आपल्याला का दिसत नाही, यावर वेदान्तात एक जुना दृष्टांत आहे. दहा जण नदी ओलांडून आले. सगळे सुखरूप आहेत ना म्हणून एकानं मोजलं, तर नऊच. दुसऱ्यानं मोजलं, तरी नऊच. दहावा बुडाला म्हणून सगळे रडायला लागले. वाटेनं जाणारा एक माणूस थांबला, त्यानं बघितलं आणि मोजणाऱ्याला सांगितलं, 'अरे, दहावा तूच आहेस.' प्रत्येक जण स्वतःला सोडून मोजत होता. त्या वाटसरूनं नवीन माणूस आणून दिला नाही, दहावा तिथंच होता. आपल्या तत्त्वज्ञानात गुरूला एवढं मोठं स्थान का, त्याचं कारण मला या गोष्टीत सापडतं. आत्मा कुठून आणायचा नाही, पण शोधणाराच तो असल्यामुळं शोधणाऱ्याच्या नजरेतून तो निसटतो.

पुस्तकातलं झालं, आता माझ्यावर गुदरलेलं सांगतो. पखवाजाच्या डाव्या बाजूला, धुम्याला, कणीक लावतात. तरुणपणी मी ती भरपूर थापायचो, आवाज घुमला पाहिजे म्हणून. माझे गुरू म्हणजे चार एकर कोरडवाहू कसणारा माणूस, संध्याकाळी मारुतीच्या पारावर चार पोरांना शिकवायचा. एका सप्त्यात चाल संपल्यावर ते माझ्या शेजारी येऊन बसले, नखानं निम्मी कणीक खरवडली, परातीच्या काठाला चिकटवून ठेवली आणि म्हणाले, 'आता वाजव.' घुमारा कमी झाला. पण कीर्तनकाराचा शब्द न् शब्द मला ऐकू यायला लागला. इतके दिवस तो मीच झाकत होतो.

दुसरी गोष्ट जपाची. कार्तिकातले दिवस, काकड्याला अजून वेळ होता. देवळात मी माळ ओढत होतो, ते खांबाला टेकून बसलेले. माझी माळ संपली तसं म्हणाले, 'शेवटच्या वीस मण्यांना कामून पळायलास?' मला पटलं नाही, थोडा रागही आला. दुसऱ्या दिवशी मुद्दाम लक्ष ठेवलं. खरंच होतं. मेरुमणी जवळ आल्याचं बोटाला कळायचं आणि नाम तुटक व्हायचं, 'रामकृष्ण हरी'तलं 'हरी' ओठातच राहायचं. पखवाजावरही माझी तीच खोड, सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जवळ आली की लय चढायची. अकरा वर्षं मी जप करत होतो, रोज माळ पुरी करत होतो आणि रोज शेवटच्या वीस मण्यांत देवासमोरून पळ काढत होतो. हे मला अकरा वर्षांत एकदाही दिसलं नव्हतं. त्यांनी एका माळेत ऐकलं.

गुरूचं मोल मी यावरून करतो. तुम्ही शिवणकाम शिकलात तेव्हा कुणीतरी तुमच्या पहिल्या कटोरी ब्लाऊजचा मुंढा हातात धरून 'इथं खेचतोय बघ' म्हणालं असेलच. माप तुमचं, कापड तुमचं, कात्री तुमची, पण कुठं खेचतंय ते दुसऱ्याच्या नजरेला आधी दिसलं. तसंच हे आहे.

आता दुसरी बाजू. गुरूनं दाखवलं म्हणजे काम झालं का? छांदोग्य उपनिषदात आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, एक गोष्ट सांगतो. गांधार देशातल्या माणसाला चोरांनी डोळे बांधून रानात आणून सोडलं. तो ओरडत राहिला. कुणीतरी येऊन डोळ्यांवरची पट्टी सोडली आणि सांगितलं, 'गांधार या दिशेला आहे, असा जा.' मग तो माणूस गावोगाव विचारत विचारत घरी पोचला. पट्टी सोडणाऱ्यानं त्याला खांद्यावर घेतलं नाही. चालणं त्यालाच करावं लागलं, वाट विचारणंही त्यालाच. साधनेची किंमत इथं आहे. 'अनुग्रह घ्या, बाकी महाराज बघून घेतील' असं कुणी म्हणत असेल, तर ते या गोष्टीत बसत नाही.

काकूंना अगदीच खोटं पाडणार नाही. मार्ग कोणता यावर बरंच अवलंबून आहे. दत्त संप्रदायात, नाथपंथात, शाक्त उपासनेत मंत्र गुरूकडूनच घ्यायचा असतो. तिथं दीक्षेशिवाय तो मंत्र जपायचा नाही हा त्या घरचा नियम आहे, आणि काकू त्या घरच्या असतील तर त्यांच्या परीनं बरोबर बोलल्या. प्राणायामात कुंभक, बंध असलं काही करायचं असेल तर समोर जाणता माणूस हवाच. मोबाईलवर बघून श्वास कोंडणारी पोरं मी पाहिलीत, एकाची तर महिनाभर झोप उडाली होती. वेदान्ताचे ग्रंथ वाचायचे तर शिकवणारा लागतो, नाहीतर 'सगळं मिथ्या आहे' हे वाक्य घेऊन माणूस घरच्यांशी वाईट वागायला लागतो.

पण तुम्ही नाम घेता. नामाला आपल्याकडं कुलूप नाही. 'रामकृष्ण हरी' हा मंत्र तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात दिला, आणि तुकोबांनी तो जगासमोर उघडा ठेवला. आज तो वारीत लाखो लोकांच्या तोंडी आहे. त्यातल्या कितीकांनी कुणाचा अनुग्रह घेतलाय? माळ घालतानाही ती ज्ञानेश्वरीवर ठेवून, फडावरच्या एखाद्या जाणत्या वारकऱ्याच्या हातून गळ्यात घेतात आणि एकादशी, वारी, मांस-दारू वर्ज्य असे नेम पत्करतात. माझ्याकडून माळेचा एक रुपया कुणी घेतला नाही. तुमच्या नामाला काकू म्हणतात तसली अट नाही. वाढायचं असेल तर कधीतरी जाणती नजर लागेल, हे मात्र खरं. 'गुरू लागतो' आणि 'गुरुवारच्या आत लागतो' यात फार अंतर आहे.

मालकांच्या म्हणण्याबद्दल. नवऱ्याची सेवा हाच बाईचा गुरुकुलवास, असं वाक्य मनुस्मृतीत आहे, तेव्हा ते काही मनचं बोलत नाहीत. पण आपली परंपरा त्या वाक्यापाशी थांबली नाही. बृहदारण्यकात याज्ञवल्क्य घर सोडून निघाले आणि मैत्रेयी आणि कात्यायनी यांच्यात मालमत्तेची वाटणी करू लागले, तेव्हा मैत्रेयीनं विचारलं, ज्यानं मी अमर होणार नाही ते घेऊन काय करू? मग त्यांनी तिला जे सांगितलं तो वेदान्ताचा गाभा आहे. तिथं नवरा गुरू झाला खरा, पण त्याला ते ज्ञान होतं म्हणून, आणि तिनं विचारलं म्हणून. उलट बाजूनं बघा, तर चौदाशे वर्षांचा योगी म्हणून ज्याची ख्याती त्या चांगदेवानं मुक्ताबाईला, लहानग्या पोरीला, गुरू केलं.

आणि आपल्याच भागातली बहिणाबाई. वेरूळजवळच्या देवगावची, जन्म १६२८ चा. ब्राह्मणाघरची लेक, नवरा वयानं कितीतरी मोठा आणि तापट. तिनं तुकोबांना गुरू मानलं. नवऱ्यानं मारहाण केली, घर सोडून जायला निघाला. तिनं नवरा सोडला नाही आणि तुकोबाही सोडले नाहीत. पुढं नवऱ्याचंच मन फिरलं आणि दोघं देहूला गेली. 'संतकृपा झाली, इमारत फळा आली' हा जो अभंग आपण सगळे म्हणतो, तो तिचा. शिऊरला तिची समाधी आहे, जमलं तर एकदा जाऊन या, मालकांना सोबत घेऊन. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना एवढंच विचारा, 'तुम्ही गुरू आहात तर पहाटे माझ्यासोबत एक माळ बसाल का?' बसले तर फारच छान.

आता गुरुवारच्या अनुग्रहाबद्दल. मी त्या महाराजांना ओळखत नाही, तेव्हा माणसाबद्दल बोलणार नाही. तुम्ही सांगितलेल्या दोन गोष्टींबद्दल बोलतो, पैसा आणि भीती.

मुंडक उपनिषद म्हणतं, ते जाणून घ्यायला गुरूकडं जावं, हातात समिधा घेऊन. समिधा म्हणजे वाळक्या काटक्या. रानात फुकट मिळतात. त्याच मंत्रात गुरूची दोन लक्षणं सांगितलीत, श्रोत्रिय म्हणजे शास्त्र जाणणारा आणि ब्रह्मनिष्ठ म्हणजे त्यात मुरलेला. दक्षिणा द्यायची रीत जुनी आहे, मी तिला नावं ठेवत नाही. शिकून झाल्यावर, ऐपतीप्रमाणं, आनंदानं द्यावी. दारातच आकडा ठरत असेल तर मात्र तिला दक्षिणा म्हणवत नाही. पाच हजार एक म्हणजे तुमचे किती ब्लाऊज होतात, याचा हिशोब तुम्हीच करा.

भीतीचं माझ्या अनुभवातून सांगतो. पंचविशीत मी एका ठिकाणी अनुग्रह घेतला होता. नाव-गाव सांगत नाही. तुरीच्या पैशातून दक्षिणा दिली. सहा महिन्यांत सांगणं आलं, पखवाज सोड, तो तुझा अहंकार आहे. सोडला. मग दर गुरुवारी सेवेला यायचं, खंड पडला तर दोष. एका गुरुवारी आई परभणीला दवाखान्यात होती. मी सेवेला गेलो. आई त्यातून उठली, पण त्या दिवशी तिनं दोनदा विचारलं होतं, 'आला का गं तो?' हे बहिणीनं मला नंतर सांगितलं. तीन वर्षांनी मी तिथलं सोडलं, तरी भीती वर्षभर गेली नाही. शेळी मेली, दोष. गाडी घसरली, दोष. भीती एकदा घरात शिरली की जे काही वाईट घडेल ते तिच्याच खात्यावर जमा होतं. त्या वर्षभरात कोरडवाहूवाल्या गुरूंनी मला एकदाही 'तिथं जाऊन चुकलास' म्हटलं नाही. पखवाज पुढ्यात सरकवला आणि 'धा' वाजवायला लावलं. चार महिने फक्त 'धा'.

गीतेचं बघा. चौथ्या अध्यायात ज्ञान कसं मिळवायचं ते सांगितलंय : प्रणिपातानं, परिप्रश्नानं, सेवेनं. नमस्कार आणि सेवा सगळे सांगतात, मधला परिप्रश्न गाळतात. परिप्रश्न म्हणजे उलटसुलट, पुन्हा पुन्हा विचारणं. अर्जुनानं तेच केलं. आणि अठरा अध्याय सांगून झाल्यावर भगवंत काय म्हणतात? 'यथेच्छसि तथा कुरु.' याचा पूर्ण विचार कर आणि तुला हवं तसं कर. भगवंतांनी सोडून जाणाऱ्याला दोष लावला नाही, तर इतर कुणी कशाच्या जोरावर लावावा?

समर्थ रामदासही आपल्याच जांबचे, जालना जिल्ह्यातले. दासबोधाच्या पाचव्या दशकात त्यांनी गुरूचं लक्षण सांगताना आडपडदा ठेवला नाही : 'शिष्यास न लाविती साधन । न करविती इंद्रियदमन । ऐसे गुरु आडक्याचे तीन । मिळाले तरी त्यजावे ॥' अडका म्हणजे अगदी किरकोळ नाणं. जे शिष्याकडून साधना करवून घेत नाहीत, असे गुरू एका अडक्याला तीन मिळाले तरी टाकून द्यावेत. गुरुभक्तीचा एवढा पुरस्कार करणारा माणूस हे म्हणतोय, हे ध्यानात घ्या. तेव्हा तिथं जाऊन आलेल्या कुणाला एकच विचारा, 'अनुग्रह झाल्यावर तुम्हाला रोज काय करायला सांगितलं, आणि ते नीट होतंय का हे कुणी परत विचारलं का?'

मग खरा गुरू शोधायचा कसा? घाईनं शोधू नये एवढं नक्की. कुणाबद्दल मन ओढ घेत असेल तर वर्षभर नुसतं बघा. कीर्तनात, प्रवचनात सगळेच चांगले दिसतात. ते संपल्यावर बघा. पंगतीत वाढणाऱ्या बायकांशी कसं बोलतो, पाकीट हलकं निघालं तर चेहरा बदलतो का, घरी त्याची बायको-सून त्याच्यासमोर मोकळी बोलते का, 'हे मला ठाऊक नाही' असं तो कधी म्हणतो का. आणि त्याच्याजवळ गेल्यावर तुमचं घर, तुमचं काम सुटत जातं की सुधारत जातं. पैठणचे नाथ महाराज देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडं राहिले. स्वामी तिथले किल्लेदार, नाथांकडं हिशोब लिहायला दिलेला. एका पैची चूक सापडावी म्हणून नाथ रात्र रात्र जागले, सापडली तेव्हा आनंदानं टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एवढं चित्त एका पैसाठी लागतं, तर तेच भगवंताकडं लाव. पुढं शूलिभंजनाच्या डोंगरावर साधना करवून घेतली आणि मग? मग त्याच गुरूनं त्यांना संसार कर म्हणून पैठणला पाठवलं. नाथांनी शेवटपर्यंत संसार केला आणि प्रत्येक अभंगात 'एका जनार्दनी' लिहिलं. गुरूनं त्यांना बांधून ठेवलं नाही, म्हणून नाव शेवटपर्यंत राहिलं असं मला वाटतं.

हे सगळं होईपर्यंत तुम्ही काय करायचं? हीच तुमच्या शेवटच्या ओळीची गोष्ट.

माळा वाढवू नका. जप कोरडा पडला की लोक एकाच्या पाच करतात आणि महिनाभरात सगळंच सोडतात. पतंजलींनी अभ्यास घट्ट व्हायला तीन गोष्टी सांगितल्यात : दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदरानं. पहिल्या दोन तुमच्याकडं आहेत. तिसरी सुटली असावी, आणि चार वर्षांनी ती बहुतेकांची सुटते. तेव्हा बसण्याआधी एका चिठ्ठीवर उद्याचं काम लिहून काढा, कुणाचा ब्लाऊज, कधी द्यायचा, अस्तर आणायचंय का. चिठ्ठी मशीनवर ठेवा आणि मग या. मन ब्लाऊज धरून बसतं ते विसरायच्या धास्तीनं, कागदावर उतरलं की बऱ्यापैकी सोडतं.

मनातल्या मनात जपत असाल तर काही दिवस ओठ हलवून, स्वतःला ऐकू येईल एवढ्या आवाजात जपा. वाचिक म्हणजे मोठ्यानं, उपांशु म्हणजे ओठांतल्या ओठांत आणि मानस म्हणजे मनात, असे जपाचे तीन प्रकार सांगतात, आणि मानस श्रेष्ठ म्हणतात, पण मन थाऱ्यावर नसताना मानस जप म्हणजे नुसतं बोटांचं काम होतं. खाली उतरून उपांशूवर यायला कमीपणा मानू नका. मी दर चातुर्मासात येतो. माझी एक माळ सहा मिनिटांची होते. ती संपल्यावर तेवढाच वेळ माळ खाली ठेवून नुसतं बसा. काही करायचं नाही. ही माझ्या गुरूंची युक्ती आणि मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली.

मशीनवर असतानाही नाम घेता येतं. गंगाखेडच्या जनाबाईनं जात्यावर घेतलं. सरळ शिलाई चालू असेल, पाय आपोआप चालत असेल, तेव्हा घ्या. कापताना मात्र घेऊ नका. तेव्हा कापडातच लक्ष असू द्या, लोकांचं कापड आहे. आणि आठवड्यातून दोनदा तरी हरिपाठ देवळात, बायकांच्या बरोबर म्हणा. एकटीचा हरिपाठ घाईत उरकला जातो, चार जणींत टाळाबरोबर चालावं लागतं. गुरू भेटेपर्यंत ही संगत बरंच सुधारते.

एक गोष्ट विचारू का? तुम्ही वडील गेल्यावर जप धरलात. माळ हातात घेतली की त्यांची आठवण येऊन रडू येतं का, आणि ते येऊ नये म्हणून तर मन ब्लाऊजाकडं पळत नाही ना? तसं असेल तर रडा, माळ तशीच चालू द्या, देवासमोरच बसलेल्या आहात. पण रात्र रात्र झोप नाही, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही असं काही आठवडे चाललं असेल, तर आधी परभणीला चांगल्या मानसोपचार डॉक्टरांना दाखवा. जप त्यासोबत चालू राहू द्या, त्याच्या बदल्यात नको.

काकूंना गुरुवारी सांगा, 'या खेपेला येत नाही, माझा नेम चालू आहे.' एवढंच पुरे. त्या वाईटासाठी बोललेल्या नाहीत, तुमची काळजी वाटते म्हणून बोलल्या. त्यांच्याशी अबोला धरू नका.

आणि उद्या पहाटेपासून शेवटच्या वीस मण्यांवर लक्ष ठेवा. तिथं बोटं पळतात की नाही, 'हरी' पूर्ण उच्चारला जातो की नाही, बघा. सुधारायला जाऊ नका, आधी नुसतं बघा. चार महिन्यांनी मला लिहा काय दिसलं ते. मी वाट बघतो.